दुसरा कोट

कपडेपटातल्या आक्कांकडून सहीशिवाय साधा रुमालही बाहेर जायचा नाही. आज ज्याचा गवगवा आहे त्या नटानंही पहिल्या सिनेमाच्या वेळी चिठ्ठीवर न वाचताच सही ठोकली होती: ‘तपकिरी कोट, दोन. एक मला, दुसरा माझ्याऐवजी गच्चीवरून उडी मारणाऱ्याला.’

उडी मारणारा आक्कांचा धाकटा भाऊ. त्या उडीत पाय मोडला तो कायमचाच. आणि सिनेमा चालल्यावर हे महाशय सांगत सुटले, “उडी माझीच. डमी-बिमी कुणी नव्हता.” भाऊ खरं सांगायला जायचा, तर त्याचे जावईसुद्धा गालातल्या गालात हसायचे. गेल्या वर्षी तो गेला, तोही बढाईखोर म्हणूनच. आक्का रडल्या नाहीत. दातओठ खात चिठ्ठ्यांची ट्रंक उपसत बसल्या आणि चिठ्ठी मिळाली तेव्हाच उठल्या.

पुढं नटाचा सत्कार ठरला. जुन्या सह्या जमवणारा एक संग्राहक त्यासाठी प्रदर्शन भरवत होता, तो आक्कांच्या दारात आला. “नाव होण्याआधीची सही म्हणजे सोनं हो. काय घ्याल?” त्याची नजर सहीवरून हलेना.

“फुकट न्या. पण चौकट मी सजवणार, आणि पडदा त्या नटानंच सारायचा.”

सत्काराला आक्कांनी भावाच्या दोन्ही जावयांना पुढच्या रांगेत बसवलं. नटानं हसत पडदा सारला. काचेआड तपकिरी कोट होता, कोपरात फाटलेला, रक्ताचा डाग तसाच. भाऊ दवाखान्यातून तो अंगावर घेऊन आला होता. नियमाच्या पक्क्या आक्कांनी जन्मात तेवढी एकच वस्तू परत केली नव्हती. छातीवर चिठ्ठी टाचलेली. एका पत्रकारानं ती मोठ्यानं वाचली, पहिल्यापासून सहीपर्यंत.

नटाचं तोंड उतरलं. “आक्का, झालं गेलं विसरायचं,” तो हळूच म्हणाला.

“विसरले असते. पण कपडेपटाची नोंद अर्धी राहिली ना.” त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं. त्यात ताज्या शाईनं लिहिलं होतं: ‘दुसरा कोट परत मिळाला. उशिराचं कारण: माझी उडी मारणाऱ्याचा पाय मोडला.’ “सही करा. या वेळी वाचून.”

समोर कॅमेरे होते. पळायला वाट नव्हती. त्यानं सही केली.

आक्कांनी रजिस्टर उचललं आणि व्यासपीठावरून खाली उतरून थोरल्या जावयाच्या मांडीवर ठेवलं.

“वाचा जावईबापू,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं.”