हृदयाचा उपास

ह्यांच्या स्कॅनच्या सकाळी मी ह्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तेव्हा मी पन्नाशीची, एम.ए. झालेली, वेस्ट मांबलममधल्या सगळ्या शेजारणींना पथ्यपाणी शिकवणारी बाई होते. आज ती भेटली तर तिच्या हातून चमचा काढून घेईन.

ह्यांना सार्कॉइडोसिस निघाला होता, अंगात जागोजागी सुजेच्या गाठी आणणारा आजार. नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी. स्टेशनचा जिना चढताना दम. एक्सरेत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी फुगलेल्या. तुकडा काढून तपासला; टीबी नाही, कॅन्सर नाही. मी पेढ्यांच्या तयारीत, तोच ईसीजीत ठोके चुकताना दिसले. आजार हृदयात शिरला असेल तर ते अचानक थांबूही शकतं, डॉक्टर म्हणाले. ते बघायला पेट स्कॅन.

त्यात किरणोत्सारी साखर टोचतात. सूज असेल तिथं ती गोळा होते आणि चित्रात तो भाग पेटलेला दिसतो. पण चांगलं हृदयही साखर खातं. म्हणून आदल्या दिवसापासून त्याचा उपास: भात नाही, इडली नाही, नुसतं पनीर, लोणी, तूप, मग निव्वळ पाणी. मी कॉफीची साखरही कपाटात कोंडली. आणि निघताना तीच काढून दह्यात कालवली! आमच्या घराण्याला महाराष्ट्र सोडून तंजावरला येऊन कैक पिढ्या झाल्या, बोलण्यात निम्मं तमिळ आलं, पण शुभकामाला निघालेल्याच्या हातावरचं दही काही सुटलं नाही.

अण्णा नगरच्या स्कॅन सेंटरला पोचेपर्यंत ऑटोत माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड मात्र उघडेना. पथ्य शिकवणारी ना मी!

"सार, काही खाल्लंत?" नर्सनं विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले.

ती शिशाच्या आवरणातली सुई घेऊन ह्यांच्यामागून आत गेली. नसलेला आजार दिसला तर? असलेला कळलाच नाही तर? दार लागत होतं.

"सिस्टर, इरुंगो! थांबा! दही-साखर खाल्लीय त्यांनी!"

"अम्मा, सार तर नाही म्हणाले!"

"चमचाभरच हो..."

"चमचाभरानं अख्खा दिवस गेला, अम्मा."

चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. ते चार दिवस मी ह्यांच्या छातीकडे बघत काढले. वर्तमानपत्र वाचता वाचता डुलकी लागली तरी हाक मारून उठवायची. बिचारे चिडलेही नाहीत.

दुसऱ्या खेपेच्या चित्रात फुप्फुसांजवळच्या गाठी पणत्यांसारख्या पेटलेल्या होत्या. हृदयाच्या जागी मिट्ट काळोख. मी त्या काळोखावर बोट ठेवलं.

"काळं म्हणजे चांगलं, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "हृदयात काही नाही."

बाहेर आल्यावर मी ह्यांना धरलंच. "साखर जिभेला लागली असेल ना? मग नको का नाही म्हणालात? नर्सलाही सांगितलं नाहीत!"

हे म्हणाले, "अगं, तुझा हात केवढा थरथरत होता. नको म्हटलं असतं तर वाटी माझ्या शर्टावर आली असती, आणि नर्सला सांगितलं असतं तर तू तिच्या अंगावर."