लिंबाच्या लाकडाची सुरई

माझी मावशी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावत आली. दातांच्या दवाखान्यात ती डॉक्टरांची मदतनीस होती. घाबरलेल्या माणसाला “आ करा” म्हणायचं, दिवा नीट धरायचा आणि डॉक्टरांनी मागायच्या आत हवं ते हत्यार त्यांच्या हातात ठेवायचं, हे तिचं काम. निवृत्त झाली तेव्हा तिला घरी बसणं जमेना. आधी तिने स्वतःची कपाटं आवरली, मग शेजारणीची आवरली. शेजारणीने हात जोडले, तेव्हा तिने मोर्चा काकांच्या शेडकडे वळवला.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, सुतार आहेत. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं लेथ मशीन आहे. लाकूड त्यात अडकवायचं, ते गरगर फिरायला लागलं की पटाशी लावून गोल कातायचं. खुर्च्यांचे आणि पलंगांचे पाय ते असे करतात. उरलेले तुकडे कोपऱ्यातल्या पोत्यात जातात आणि तिथून चुलीत.

मावशीने ते पोतं जमिनीवर पालथं केलं.

“अहो, एवढं चांगलं लाकूड जाळायला काढलंय?”

“अगं, बोटाएवढे तुकडे ते. त्यांच्या काय मुंग्यांसाठी खुर्च्या करू?”

“खुर्च्या कशाला? भांडी करू. भातुकलीपेक्षाही लहान.”

काका हसले. मावशी हसली नाही, आणि त्यावरूनच काकांनी ओळखलं की आता आपलं मशीन गेलं.

पहिला तुकडा मशीनमधून उडाला तो थेट काकांच्या चहाच्या कपावर. दुसरा खिडकीबाहेर. “ही तुमची पटाशी म्हणजे नखं काढायला कुऱ्हाड,” असं म्हणत मावशी तडक दवाखान्यात गेली. झिजलेली, टाकून द्यायची हत्यारं डॉक्टरांकडून मागून आणली: दातातली कीड उकरायच्या आकड्या, टोकदार सळ्या, लांब दांड्याचा छोटा आरसा. दगडावर घासून एकेकीला धार लावली. लेथच्या ज्या भागात लाकूड आवळून बसवतात त्याला जबडा म्हणतात, हे कळल्यावर तर तिला कोण आनंद! “अरे वा, म्हणजे खातं तेच आहे!”

एका संध्याकाळी मी कामावरून येत होते, तर मावशी भर रस्त्यात धावत आली. केसांत भुसा, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“हात पुढे कर. आणि श्वास सोडू नकोस, उडेल.”

तळहातावर एक पेला होता. वाटाण्याएवढा. खाली बारीक दांडा, दांड्याखाली बैठक, वर काठ. मी किंचाळलेच. मावशीही किंचाळली. समोरच्या दुकानदाराला वाटलं, आम्हाला काहीतरी चावलं.

मग वाट्या झाल्या, बरण्या झाल्या, किटली झाली. किटलीची चोच वेगळी करून चिकटवताना मावशी जीभ बाहेर काढून बसायची, तेव्हा कुणी दारही वाजवायचं नाही. काका कुरकुरत होते, पण एक दिवस मी त्यांना पोत्यात हात घालून काहीतरी शोधताना पकडलं. “हा तुकडा बघ, किती बारीक रेषा आहेत,” ते ओशाळून म्हणाले. “तिच्या झाकणांना बरा पडेल.”

शेजाऱ्यांचं लिंबाचं झाड तोडलं आणि त्याचा एक तुकडा मावशीच्या हाती लागला. पिवळसर, घट्ट, लोण्यासारखं कापलं जाणारं लाकूड. त्याची तिला सुरई करायची होती. पोट गोल, मान अरुंद, आणि सगळं आतून पोकळ. मानेच्या छिद्रातून वाकडी आकडी आत घालायची आणि न दिसणारं लाकूड खरवडायचं. जरा जोर झाला की ‘टच्’ आवाज, आणि सुरई फुटली. कितीतरी फुटल्या. एक टिकली. तिच्यामागे दिवा धरला की पोटातून केशरी उजेड दिसायचा. वर तिळाएवढ्या गोंड्याचं झाकण.

गावातल्या वाचनालयात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या बाईंनी ती सुरई पाहिली आणि मावशीला एक अख्खं टेबल देऊ केलं. न्यायला गाडीही पाठवणार होत्या.

त्या सकाळी शेडमध्ये आम्ही सगळे जमलो. डॉक्टरही आले, त्यांचा भिंगाचा चष्मा लावून. सुरईवर वाकले, “वा!” म्हणाले, आणि भुशाने त्यांचं नाक हुळहुळलं.

शिंक अशी आली की वाट्या चहूकडे पळाल्या. सुरई काकांनी झेप घेऊन धरली. झाकण मात्र गेलं.

“कुणी हलू नका!” मावशी ओरडली. “डॉक्टर, पाय उचलू नका!”

आम्ही चौघंही गुडघ्यांवर. भुशात तिळाएवढा गोंडा शोधणार कसा? डॉक्टरांचा चेहरा रडवेला झाला होता. मावशी मात्र उठली आणि पदर खोचला.

“अहो, मशीन लावा. नवीन करू.”

“अगं, गाडी येईल आता!”

“मग बोलताय कशाला?”

लिंबाचा उरलेला तुकडा जबड्यात बसला. मी दिवा धरला. मावशीने मशीनवरची नजर न काढता हात मागे केला आणि म्हणाली, “आकडी.” डॉक्टरांनी मुकाट्याने एक दिली.

“ही नाही हो, वाकडी! इतकी वर्षं काय शिकलात माझ्याकडून?”

डॉक्टर हसायला लागले, पण पुढचं हत्यार बरोबर दिलं. त्यापुढचंही. लाकडाचा पिवळा धागा निघत होता, केसाहून बारीक. बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. वैतागलेला ड्रायव्हर आत आला आणि आ वासून तिथेच उभा राहिला. गोंडा गोल झाला, खाली कंगोरा आला. मावशीने तुकड्याच्या टोकापासून झाकण कापून वेगळं केलं, चिमट्याने उचललं, सुरईच्या तोंडावर टेकवलं, हलकेच दाबलं. मग सुरई उलटी केली.

झाकण पडलं नाही.

सगळ्यांत मोठ्याने ड्रायव्हर ओरडला!

प्रदर्शनात मावशीच्या टेबलासमोर रांग लागली. भिंग हातोहात फिरत होतं. एक आजीबाई म्हणाल्या, “दिसायला छान आहे गं, पण पाणी राहतं का यात?” मावशीने ते कधी करूनच पाहिलं नव्हतं. तिने औषधाच्या ड्रॉपरने जेमतेम थेंबभर पाणी आत सोडलं. आम्ही सगळे टेबलावर ओणवे झालो. पाणी राहिलं, आणि टाळ्या पडल्या. “अय्या, खरंच राहिलं की!” असं मावशीच सगळ्यांच्या आधी ओरडली होती.

त्यानंतर तिच्याकडे दोघीजणी शिकायला यायला लागल्या. काकांचे पलंगाचे पाय रखडले, म्हणून त्यांनी शिलाई मशीनची मोटर लावून तिला वेगळा छोटा लेथ करून दिला. वर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “आता माझ्याला हात लावायचा नाही.” ती लावतेच.

काल दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मी आधी घाबरले.

“अगं, बरणीच्या झाकणाला आटे पाडले! फिरवून बंद होतंय! मी सांगते ना, फिरतंय! तू काय करतेयस ते टाक आणि ये!”

मी गेले.