गुरुजींच्या गादीखालचा साक्षीदार

अजूनही भरदुपारी कुणी घोरू लागलं की ते प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि हसू ओठांवर येईपर्यंत अंगावर काटा येऊन जातो.

मी तेव्हा सावली तालुक्यात ठाणेदार होतो. वैनगंगेकडच्या एका धानाच्या गावातून पोलीस पाटलाचा फोन आला. हा गृहस्थ एरवी आधी माझं जेवण झालं का विचारायचा. त्या दिवशी विचारलं नाही.

"साहेब, लवकर या. सांजच्याले बैठक ठेवली हाये. त्या म्हातारीले गावाबाहेर काढतो म्हणून राह्यले. काही पोट्टे तं पिऊन हायेत."

"म्हातारीने केलं काय?"

"करणी. गुरुजीवर."

हा शब्द आमच्या भागात पोलिसाने हसण्यावारी न्यायचा नसतो. त्यापायी माणसं झाडाला बांधली गेली आहेत, जिवानिशी गेली आहेत. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, महिला हवालदारासह माणसं घेतली आणि निघालो.

म्हातारी उंबऱ्यात बसली होती. विधवा, एकटी, मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करून जगणारी. समोर रस्त्यावर माणसं जमली होती. तिला आधी सुरक्षित जागी न्यायचं होतं, पण ती हलेना.

"मी काऊन जाऊ? घर माह्यं हाये. अन् माह्या कोंबडीले कोण पाह्यन?"

शेवटी कोंबडीही सरकारी गाडीत बसली. डायरीत तिची नोंद नाही. ती माझी सेवेतली एक त्रुटी समजावी.

शेजारचं घर गुरुजींचं. सेवानिवृत्त मुख्याध्यापक, गावात मोठा मान. आदल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"गुरुजी, तुम्ही विज्ञान शिकवायचात ना?"

"शिकवायचो. म्हणूनच तर घाबरलो."

त्यांनी पत्नीला चहाच्या निमित्ताने आत पाठवलं आणि आवाज खाली आणला. "रात्री छाती धडधडते, साहेब. उठून बसतो. आता मेलोच असं वाटते. हे मी हिला सांगितलं नाही, पुण्याच्या लेकीला नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. अन् त्या महाराजानं सगळं सांगितलं. कोणत्या रात्री उठलो, किती वेळ बसलो. एवढं खरं सांगणारा माणूस पुढे म्हणते की शेजारीण करून राह्यली, तर ते खोटं कसं मानू?"

महाराज बाहेरून आलेला. बाजार चौकात खोली घेऊन राहत होता. म्हातारी आठवडी बाजारात त्याला चारचौघांत हसली होती, असं पाटलाने सांगितलं. त्याला विचारलं तर शांतपणे म्हणाला, "देव दाखवते, मी सांगतो." पुढे एक अक्षर नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा तपशील वाढवत जातो. हा मोजकंच बोलत होता. म्हणजे याच्याकडची माहिती खरी होती, आणि मला तेच खटकलं.

मी परत गुरुजींकडे आलो. "हा महाराज कधी चुकला का?"

"मागे आम्ही मूल गावाला साळ्याकडे मुक्कामी होतो. तिथंही जीव घाबरला होता. पण हा म्हणे, त्या रात्री शांत गेल्या."

देवाला मूलचा रस्ता माहीत नव्हता तर! त्याची दृष्टी गुरुजींच्या पलंगापुरतीच होती. मी सरळ जाऊन गादी उचलली. खाली एक चपटी पट्टी, तिला वायर.

"ते लेकीनं पाठवलं," गुरुजी म्हणाले. "रात्रभर ठोके, श्वास, झोप मोजते अन् मोबाइलवर दाखवते. इथल्या मोबाइलवाल्यानं जोडून दिलं."

माझ्या ठाण्यात एक स्थूल हवालदार होता. त्याला बोलावून म्हटलं, "जेवा आणि इथे झोपा."

"ड्यूटीवर, साहेब?"

"हीच ड्यूटी. घोरलात तरी चालेल."

"ते तं आपोआपच होते."

सेवेत इतक्या मनापासून पाळलेला आदेश मी दुसरा पाहिला नाही. गुरुजींना आणि त्यांच्या पत्नीला मी मागच्या अंगणात बसवलं, आणि ऊन उतरल्यावर पाराकडे गेलो.

गाव जमलं होतं. मी हात जोडून महाराजाला म्हटलं, "गुरुजी दुपारपासून झोपलेत. त्यांची तब्येत कशी आहे, तेवढं बघता का?"

तो खोलीत जाऊन आला. चेहरा गंभीर. "श्वास अडकून राह्यला त्याचा. घडोघडी बंद पडते, मंग सुरू होते. म्हातारी छातीवर बसली हाये."

बायका कळवळल्या. दोघे जण काठ्या घेऊन उठले. तेवढ्यात गर्दीच्या मागून गुरुजी चालत आले. त्यांच्या मागे डोळे चोळत माझा हवालदार.

"दुपारभर मी अंगणात होतो," गुरुजी म्हणाले. "पलंगावर हे होते."

महाराजाचा मोबाइल पंचांसमक्ष जप्त केला. पट्टीवरचे सगळे आकडे त्यात दिसत होते. चोरी कशी केली, म्हणून मोबाइलवाल्याला उभं केलं, तर तो रडकुंडीला आला. "साहेब, लोकायपाशी ईमेल कुठी राह्यते? मी माह्याच ईमेलवर सगळ्यायचं खातं काढून देतो. पासवर्ड बी एकच. विसरले का मलेच इचारतेत." महाराजाचा मोबाइलही त्यानेच, त्याच ईमेलवर सुरू करून दिला होता. कुणी काही फोडलं नव्हतं. आपल्याकडे जशी कामं होतात तसंच झालं होतं, आणि गुरुजींची प्रत्येक रात्र आपोआप परक्याच्या खिशात जाऊन पडत होती.

पण गर्दीतून एकाने विचारलं, "मंग रातच्याले गुरुजीले होते काय? ते तं खरंच ना?"

मी गुरुजींकडे पाहिलं. हे उत्तर मला देता येत नव्हतं. ते दिलं नसतं तर म्हातारीवरचा संशय तसाच राहिला असता. ज्यांनी अर्ध्या गावाला शिकवलं, ते त्या गावासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला मरणाची भीती वाटते. झटका आल्यापासून वाटते. मी रात्री उठून रडतो. ही करणी नाही, आजार आहे. मी लपवला."

त्यांची पत्नी तिथेच होती. तिलाही ते तेव्हाच कळलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराजावर गुन्हा दाखल झाला. हवालदाराला मी दवाखान्यात पाठवलं. झोपेत त्याचा श्वास खरोखरच अडकत होता. यंत्र एकदाही खोटं बोललं नव्हतं. त्याच्या खऱ्या आकड्यांवर एका माणसाने खोटं रचलं, आणि त्या खोट्याने एका बाईचा जीव जाणार होता.

दुसऱ्या सकाळी तिला घरी सोडलं. गुरुजी येऊन तिची माफी मागून गेले. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "साहेब, माह्या अंथरुणाखाली बी तसं राह्यलं असतं, तं त्या राती मी घरीच झोपली होती हे दिसलं असतं ना?"

"दिसलं असतं."

"म्हणजे आता निर्दोष राहाले तेच घ्या लागंल?"

आयुष्यभर मी लोकांना एकच विचारत आलो होतो: रात्री कुठे होता, पुरावा काय. त्या सकाळी पहिल्यांदा उलट बोललो. "नाही बाई. तुम्ही रात्री झोपलात की जागलात, हे कुणाला दाखवण्याचं तुमच्यावर बंधन नाही. तुम्ही गुन्हा केला असेल तर तो दाखवणं आमचं काम."

तिने मान हलवली, आत गेली आणि कडी लावून घेतली. मातीच्या भिंतींचं घर ते. पण आत काय चाललंय ते फक्त तिलाच ठाऊक होतं. शेजारच्या सिमेंटच्या घरात गेले कित्येक महिने तेवढीही सोय नव्हती, आणि आतल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता.