हिंगाचा वास

फ्रीमाँटच्या मराठी मंडळात मालिनी कुवळेकर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. 'आरव्हीवाल्या काकू' म्हटलं की मात्र लगेच ओळख पटायची. साठी उलटलेल्या बाईने मुलीच्या टाउनहाउसमधली खालची खोली घ्यावी, नातवंडांची शाळा सांभाळावी, संध्याकाळी पार्कात चार बायकांबरोबर फेऱ्या माराव्यात, असा तिथला शिरस्ता. काकू राहायच्या सव्वीस फुटी आरव्हीत, म्हणजे मोटरहोममध्ये, आणि तेही बारा महिने. पलंग, शेगडी, न्हाणीघर, देव, सगळं चाकांवर.

हे खूळ मुळात त्यांचं नव्हे, त्यांच्या नवऱ्याचं, अरुणकाकांचं. २००२ साली, ते तेव्हा राहत त्या प्लेनोतल्या टेलिकॉम कंपन्या बसल्या आणि काकांची नोकरी गेली. "अठ्ठावन्नाव्या वर्षी रेझ्युमे घेऊन कुणाच्या दारात उभा राहू?" असं म्हणत त्यांनी घर विकलं आणि एक वापरलेली आरव्ही आणून दारात उभी केली. काकू दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी डोळे पुसून कुठली तीन पातेली न्यायची ते ठरवायला बसल्या. आणि गंमत म्हणजे, सहा महिन्यांत नवऱ्यापेक्षा त्यांनाच या जगण्याची जास्त चटक लागली. प्लेनोत सिंकपुढच्या खिडकीतून वीस वर्षं शेजाऱ्याचं गॅरेज दिसत होतं. आता सिंकपुढच्या खिडकीत एका आठवड्यात डोंगर, तर दुसऱ्या आठवड्यात समुद्र.

ॲरिझोनातल्या एका कॅम्पग्राउंडवर त्यांनी आमटीला फोडणी घातली आणि शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी अग्निशामक दलाला फोन केला. इथल्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, आणि आपला हिंग त्याच्या अगदी सख्ख्या भावासारखा. दोन बंब आले, चारपाच धिप्पाड जवान उतरले, आणि काकांनी त्या सगळ्यांना वाटी वाटी आमटी प्यायला लावली. हा किस्सा काकू रंगवून रंगवून सांगत. आरव्हीतलं गॅसची गळती ओळखणारं यंत्रसुद्धा फोडणी पडली की ठणाणा करायचं. कंटाळून एक दिवस काकांनी त्याची वायरच काढून टाकली.

२००५च्या जानेवारीत काका गेले. हार्ट अटॅक, तोही झोपेत. मुलगी नेत्रा फ्रीमाँटहून विमानाने धावत आली. आता आई आपल्याकडेच येणार, हे तिने गृहीतच धरलं होतं. पण काकूंनी ऐन साठीत एका ओसाड पार्किंग लॉटमध्ये ते धूड चालवायला शिकून घेतलं. रिव्हर्स जमायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत त्यांनी काकांना जितक्या शिव्या घातल्या, तितक्या चौतीस वर्षांच्या संसारातही घातल्या नसतील. मग एका दुपारी गाडी एका दमात रेषेत मागे आली, आणि त्या स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या.

"आई, तुला काही झालं तर मला कळणार तरी कसं?" नेत्रा फोनवर दर रविवारी भांडायची. शेवटी काकूंनी शब्द दिला. "हे बघ, ज्या दिवशी माझ्या हातून धोक्याची एक जरी चूक झाली ना, त्या दिवशी मी होऊन तुला सांगेन आणि हे सगळं बंद करेन. तोवर मला राहू दे, बाई." नेत्राने ते मान्य केलं. आईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

२००७च्या उन्हाळ्यात नेत्राची मुलगी आश्लेषा पहिल्यांदाच आजीकडे आठवडाभर राहायला आली. वय वर्षं आठ. फोर्ट ब्रॅगजवळ, समुद्राच्या कडेला गाडी उभी होती. दिवसभर दोघी शिंपले वेचायच्या, दुपारी पत्ते खेळायच्या. तिसऱ्या दिवशी जेवताना आश्लेषाने नाक मुरडलं.

"आजी, इट स्मेल्स फनी इन हिअर."

काकूंना हसू आलं. कपाटातून हिंगाची डबी काढून त्यांनी तिच्या नाकाशी धरली. "असाच ना?"

पोरीने हुंगून बघितलं. "काइंडा."

"अगं, हा आपला हिंग! याच्यापायी एकदा दोन फायर ट्रक आले होते, माहितीये?" आणि मग ॲरिझोनाचा किस्सा, बंबाच्या भोंग्याच्या आवाजासकट. आश्लेषा खदखदून हसली. तरीही रात्री तिचं डोकं दुखत होतं. नातीला वासाचा त्रास होतोय म्हणून काकूंनी डबी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बाहेरच्या लाकडी टेबलावर नेऊन ठेवली.

सकाळी त्या चहा करायला उठल्या. आधण ठेवलं, लायटर हातात घेतला. अंथरुणात उठून बसलेली आश्लेषा म्हणाली, "आजी, हिंग बाहेर आहे ना? देन व्हाय डज इट स्टिल स्मेल?"

काकूंचा अंगठा लायटरवर होता. तो तिथेच थांबला.

पुढचं त्यांनी भराभर केलं. लायटर ठेवला, पोरीला दंडाला धरून अनवाणीच बाहेर काढलं, गॅसच्या टाकीची चावी बंद केली, दार सताड उघडं टाकलं. तासाभरात दुरुस्तीवाला आला. दारातच त्याने तोंड वाकडं केलं. टाकी क्षणभर उघडून शेगडीमागच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं, तर बुडबुडे आले. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी जोड सैल झाला होता. गेले दोनतीन दिवस तरी गळत असणार, तो म्हणाला. मग काकूंकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत त्याने विचारलं, "मला पायरीवरच वास आला. तुम्हाला नाही आला?"

"मला वाटलं, आमचा मसाला आहे," काकू म्हणाल्या. बोलता बोलताच त्यांना कळलं, की हे खरं नाही. वास आला होता तो आश्लेषाला. त्यांना स्वतःला कसलाच वास आला नव्हता.

तो गेल्यावर त्यांनी टेबलावरची डबी उघडली आणि नाकाला लावली. काही नाही. कॉफीचा डबा हुंगला. काही नाही. मंडळाच्या पिकनिकला त्यांची आमटी लोकांनी पानात तशीच टाकली होती. नेत्रा दोनदा म्हणाली होती, "आई, हिंग फार पडतोय हल्ली." त्यांना तो नेत्राचा राग वाटला होता. कधीपासून हे असं आहे, देव जाणे. त्या टेबलापाशी बसून राहिल्या. दोनतीन रात्री आपण या पोरीला त्या गाडीत घेऊन निजलो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आश्लेषा जवळ येऊन टेकली. मोठ्यांचं भांडण मुलांना कळत नाही, हा मोठ्यांचा समज. तिला सगळं माहीत होतं. हळूच म्हणाली, "आजी, आय वोन्ट टेल मॉम. प्रॉमिस. देन यू कॅन कीप युअर हाउस."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. ही सांगणार नाही, हे पक्कं होतं. दुरुस्तीवाला गेला होता, नळी नवी होती. ते यंत्रही परत जोडता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. मनात आलं, घ्यावं का हे वचन? क्षणभर खरंच आलं. मग त्यांनी पोरीला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "नाही गं सोन्या. आईपासून असं लपवायचं नसतं. आण तो फोन."

नेत्राला त्यांनी सगळं सांगितलं, लायटरसकट. मग नेत्रा म्हणाली, "मी येते न्यायला."

"नको. मीच घेऊन येते तिला."

दोनशे मैल त्यांनी सावकाश गाडी हाकली, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. वळणावळणाचा रस्ता होता. आश्लेषा शेजारी बसून मैलांच्या पाट्या वाचत होती. काकू एरवी वाटेत गाणी म्हणायच्या, आज म्हटली नाहीत. फ्रीमाँटला पोचल्यावर घरासमोरच्या अरुंद जागेत त्यांनी गाडी रिव्हर्सने लावली, एका दमात, रेषेत. फूटपाथवर नेत्रा आणि जावई केदार उभे होते. नेत्राने आधी मुलीला घट्ट धरलं, मग आईला.

काकूंनी किल्ली पुढे केली. वाटेत दोनशे मैल त्या एकच विचार करत होत्या. नेत्रा म्हणेल, असू दे आई, डॉक्टरला दाखवू, ते यंत्र नवं बसवू, ठेव तुझी गाडी. ती तसं म्हणेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिने तसं म्हणावं, म्हणून तर त्या इतकं खरं बोलल्या नव्हत्या ना, अशीही एक शंका मध्येच चाटून गेली होती.

नेत्राचे डोळे भरून आले. तिने किल्ली घेतली.

"चल आई, आत ये," ती म्हणाली. "चहा ठेवते."