ताइसियाने कापलेले श्वास

ताइसिया लुकिनिच्नाने एकतीस वर्षं गुरांना इंजेक्शनं दिली. त्या एकतीस वर्षांत तिला लाथ मारायची हिंमत फक्त गुरांनीच केली. निवृत्त झाल्यावर तिने आमच्या कोसॅक गावांची गाणी टिपायचं काम अंगावर घेतलं. फुकट, आणि कुणी सांगितलेलं नसताना. जिल्ह्याच्या संस्कृती केंद्रातली माणसं दर उन्हाळ्यात यायची, रंगीत झगे घातलेल्या बायकांना रांगेत उभं करायची, टाळ्यांचं एखादं गाणं टिपायची आणि जेवून जायची. हे तिने चार वर्षं पाहिलं. पाचव्या वर्षी ती केंद्रात गेली आणि साहेबाला म्हणाली, "आवाज टिपायचं यंत्र इकडे द्या." साहेबाने दिलं. सहीसुद्धा मागितली नाही.

गोठ्यांची दारं तिला पाठ होती, माणसांची उघडायला वेळ लागला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोंबड्या पळवताना काय म्हणायचं, पोराला पहिल्यांदा घोड्यावर बसवताना काय म्हणायचं, सगळं तिने टिपलं. संगणक ती आपली आपणच शिकली, कारण दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

राहिली होती मालान्या नाझारोव्ना. वय शहाऐंशी.

आमच्याकडे लांब गाणं एकट्याने म्हणत नाहीत. खालचे आवाज शब्द धरतात आणि त्यांच्या डोक्यावरून एक बाई शब्दांशिवाय, नुसत्या 'ए-ओय'वर चढत जाते. त्याला दिश्कांत म्हणतात. गावात दिश्कांत म्हणणारी मालान्या एकटीच उरली होती. खाली धरणाऱ्या पाचही जणी दफनभूमीत होत्या. आणि शरदातला पोक्रोवचा सण झाला की येत्या रविवारी मुलगी तिला वोल्गोग्रादला, सहाव्या मजल्यावर नेणार होती. तिकडे गेलेलं आमच्यातलं म्हातारं माणूस परत आलेलं नाही.

"एकटी काय म्हणू?" मालान्या म्हणाली. "नुसतं छप्पर आहे, भिंती कुठायत?"

"तुम्ही छप्पर द्या, मावशी. भिंतींचं मी बघते."

"तू बघणार! माझ्या बकरीचं बघितलं होतंस ते विसरले नाही मी."

"बकरी म्हातारी होती."

"मग मी कोण आहे?"

पण तिने म्हटलं. सैन्यात निघालेल्या मुलाचं गाणं, अकरा मिनिटं, डोळे मिटून, हात मांडीवर. ताइसियाने घरी येऊन ऐकलं तर मध्येमध्ये गाणं थांबत होतं. चार-पाच सेकंद काहीच नाही, नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. अशा सतरा जागा निघाल्या. म्हातारीला दम लागला, असं ताइसियाने ठरवलं. केंद्रातले लोक हसतील, असंही ठरवलं. तिने सतरा जागा कापल्या, टोकं जोडली आणि यंत्रात जागा हवी म्हणून मूळचं पुसून टाकलं. काम स्वच्छ झालं होतं. तिने स्वतःला बक्षीस म्हणून कायमाक, म्हणजे दुधाची जाड साय, लावून पावाचा तुकडा दिला.

गुरुवारी ती होडीने नदीपलीकडे, क्रुतोय गावाला गेली. तिथे फिलात आणि येवसेय लागुतिन हे दोघे भाऊ होते. दोघांचे आवाज खालचे. एकमेकांशी बोलायचे कमी, गायचे बरोबर. आमच्या आणि त्यांच्या गावात दोनशे हात पाणी आणि साठ वर्षांची तुच्छता होती. आम्ही म्हणायचो ते पोती मोजल्यासारखं गातात. ते म्हणायचे आम्ही केकाटतो.

"फिलातकाका, हिच्याखाली म्हणा," ताइसियाने यंत्र टेबलावर, खारवलेल्या कलिंगडाशेजारी ठेवून सुरू केलं.

भावांनी धरलं. दोन ओळी गेल्या. फिलात मागे पडला. येवसेय पुढे गेला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"अगं ए बाई, थांब की!" फिलात यंत्रावर ओरडला.

बाई थांबली नाही.

"ही श्वास कधी घेते?" येवसेयने विचारलं.

"घेत नाही," फिलात म्हणाला. "ताया, खरं सांग. मेली का ही?"

"जिवंत आहे. परवा मला शिव्या दिल्या."

"मग हिचे श्वास कुठं गेले? ती वरून खाली येणार, आम्ही धरणार, तेवढ्यात ती पुन्हा वर. आम्ही शिरायचं कुठून?"

चिडल्यावर होतो तसा ताइसियाचा चेहरा झाला. फक्त या वेळी चिडायला समोर कुणी सापडेना. यंत्र पिशवीत टाकून ती निघाली.

शुक्रवारी मालान्याच्या घरी खोकी बांधलेली होती. ताइसिया एका खोक्यावर बसली आणि सगळं सांगितलं, पुसून टाकल्याचंसुद्धा. मालान्याने हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाली, "ते मोकळं नव्हतं. तिथं दुन्या होती."

"कळलं मला."

"काय कळलं? मी खाली यायचे, ती धरायची. पंचावन्न वर्षं. ती गेली तरी तिची जागा मी सोडत आले. आणि तू ती झाडून काढलीस. गोठा साफ करावा तशी."

"चुकलं माझं, मावशी." हे शब्द ताइसियाने आयुष्यात फारसे वापरले नव्हते, त्यामुळे ते दटावल्यासारखे बाहेर पडले. "परत म्हणा. एकदाच."

"यंत्राला नाही म्हणणार. त्याला धरता येत नाही."

"क्रुतोयचे लागुतिन येतील."

"ते? पोती मोजणारे?"

"मोजतात. पण तुम्ही श्वास कुठं घेता हे त्यांनी विचारलं. मी नव्हतं विचारलं."

मालान्याने खोक्याची दोरी ओढून घट्ट केली. "आण. पाय पुसून आत या म्हणावं."

शनिवारी भाऊ इस्त्रीचे सदरे घालून आले, पाय पुसले. गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या ओळीला मालान्याने थांबवलं. "एवढी घाई का? घराला आग लागलीय?" पुन्हा सुरुवात. फिलात म्हणाला आमच्याकडे इथं वर जातात. मालान्या म्हणाली तुमच्याकडे नदीही उलटी वाहते. येवसेय म्हणाला, गाऊ या का. चौथ्या वेळेला मालान्या वरून खाली आली आणि थांबली, आणि त्या जागेत फिलातचा आवाज उभा राहिला. तिने डोळे उघडले. आपल्या माणसाच्या खुर्चीवर पाहुणा बसला की बघावं, तसं तिने त्याच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि वर गेली. गाणं पुरं झालं. पन्नास मिनिटांच्या टिपणात गाणं बारा मिनिटं होतं, बाकी भांडण. ताइसियाने कशालाही हात लावला नाही.

रविवारी मुलीची गाडी आली. भाऊ पुन्हा पलीकडून आले, कुणी बोलावलं नव्हतं. मालान्याने काच खाली केली.

"तिसऱ्या ओळीला अजून घाईच करता तुम्ही," ती म्हणाली.

गाडी निघाली. धूळ बसेपर्यंत ताइसिया आणि दोघे भाऊ, तिघं रस्त्यात उभी होती.

"तिसरी ओळ तशीच असते," फिलात म्हणाला.

"तशीच," येवसेय म्हणाला.

फिलातने खिशातून पेन्सिल काढली. "ताया, तिच्या मुलीचा फोन नंबर दे बघू."