वरून तापणारी शेगडी

नेकनूरच्या गहिनीनाथांच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. डाव्या हाताला मात्र दाट होते. एकतीस वर्षं त्यांचा उजवा हात मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर तंदूरच्या तोंडात जाऊन बाहेर येत होता, तेव्हा तिथं केस टिकणार कसे? नवा माणूस भेटला की गहिनीनाथ दोन्ही हात शेजारी शेजारी धरून दाखवायचे आणि स्वतःच खो खो हसायचे.

मांजरसुंब्याला बीड, पाटोदा, केज अशा सगळ्या बाजूंचे रस्ते मिळतात. ट्रकवाले तिथं थांबतातच. त्यातले कित्येक जण मालकाकडं न जाता थेट तंदूरपाशी यायचे आणि म्हणायचे, "नाथभाऊ, दोन तंगड्या, तुमच्या हातच्या." रोटी कधी फुगेल, कोंबडी कधी उतरवायची, हे गहिनीनाथ घड्याळ बघून ठरवत नसत. तळवा आगीवर धरायचा आणि मोजायचं. तीनला हात मागं घ्यावा लागला तर तंदूर तयार. पाचपर्यंत टिकला तर अजून कोळसा हवा.

साठाव्या वर्षी खांदा धरला. ढाब्याचे मालक विजयसिंह यांनी शाल-नारळ दिला, सगळ्यांसोबत फोटो काढला आणि गहिनीनाथ बारा-चौदा किलोमीटरवरच्या आपल्या घरी कायमचे आले.

एक महिना तर झोपण्यातच गेला. दुसऱ्या महिन्यात, एका दुपारी जेवता जेवता त्यांच्या बायको बायनाबाई म्हणाल्या, "एक इचारू का?"

"इचार की."

"ती तुमची तंगडी लोकं एवढी वाखाणतेत. लागती कशी वो?"

गहिनीनाथांचा घास हातातच राहिला. "म्हंजे? तू खाल्ली न्हाईस?"

"कवा खाणार? तुमी सकाळी घरी यायचे आन झोपायचे. एकदा रोटी आणलती फडक्यात बांधून, तर ती चपलीच्या तळव्यागत झालती. ढाब्यावर ट्रकवाल्यांच्यात मी कशी बसणार? एकदा बीडहून येताना एसटी थांबली तिथं. मी खिडकीतून बघितलं तुमाला. तंदूरमधी वाकले होते, नुसती पाठ दिसली. हाक मारावं म्हणलं, तवर गाडी निघाली."

"मग आजवर बोलली कावून न्हाईस?"

"तुमी तरी कवा इचारलं?" बायनाबाई हसून म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी कालवण वाढलं. तक्रार म्हणून त्या बोलल्याच नव्हत्या. पण गहिनीनाथांना ती भाकरी काही संपली नाही. सगळ्या रस्त्यानं खाल्लं आणि घरचंच माणूस राहून गेलं, हे त्यांच्या मनात घुमत राहिलं.

संध्याकाळी ते परसात फावडं घेऊन उभे राहिले. इथंच तंदूर बांधायचा! पण दोन टोपली माती निघाली आणि त्यांचा हात थांबला. बायनाबाईंना दमा होता. शेजारी कुणी चूल पेटवली तरी त्यांना दार लावून बसावं लागायचं. घरातली चूल त्याचसाठी आठ वर्षांपूर्वी काढली होती. कोळशाचा तंदूर म्हणजे बायकोला खायला घालायचं आणि तिलाच घराबाहेर बसवायचं.

त्यांनी पुण्यात नर्स असलेल्या मुलीला, वैष्णवीला फोन लावला.

"बाबा, आता गॅसवरचं ग्रिल मिळतं. इन्फ्रारेड म्हणतात," वैष्णवी म्हणाली. "जाळ वर येत नाही. बारीक भोकांची एक पाटी असते, गॅस तिच्या अंगावरच जळतो आणि ती लालबुंद होते. तिच्या धगीवर भाजायचं. धूर फार कमी. मी इथून मागवून देऊ का?"

"नगं," गहिनीनाथ म्हणाले. "आग कुठं फोटो बघून घेतेत व्हय? तिच्यावर हात धरून बघावा लागतो."

बुधवारी सकाळी दोघं बीडच्या एसटीत बसले. बायनाबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात स्टीलच्या डब्यात सहा तंगड्या होत्या. दही, लसूण आणि तिखट लावून रात्रभर मुरवलेल्या. गाडी हलली तसा लसणाचा वास पसरला आणि पुढचे दोघंजण मागं वळून बघू लागले. बायनाबाईंनी पिशवीवर पदर टाकला.

बीडमध्ये जलालुद्दीन यांचं शेगड्यांचं जुनं दुकान होतं. आता ते त्यांची मुलगी मुबश्शिरा चालवायची. तिशीच्या आतली, बोलता बोलता बारीक तारेनं बर्नरची भोकं साफ करत बसलेली. तिनं खुर्च्या पुढं केल्या. गहिनीनाथांनी आधी आपले दोन्ही हात दाखवले, मग काय हवं ते सांगितलं आणि डबा टेबलावर ठेवला.

मुबश्शिरानं झाकण उघडलं आणि बघतच राहिली. "काका, लोक शेगडी बघायला माचीससुद्धा आणत नाहीत. तुम्ही कोंबडीच आणली?"

"बैल घेताना आपण चालवून बघतो का न्हाई? तसंच हाय हे."

मुबश्शिराला हसू आवरेना. दुकानामागं उघडं अंगण होतं. तिथं तिनं सिलिंडर नेला आणि एकेक शेगडी जोडायला घेतली.

पहिल्या शेगडीत खाली जाळ आणि त्यावर काळे दगड होते. दगड तापले, तंगडी ठेवली, चरबीचा थेंब दगडावर पडला आणि भसकन धूर उठला. बायनाबाई तोंडाला पदर लावून खोकत रस्त्याकडं गेल्या. "ही न्हाई," गहिनीनाथ म्हणाले आणि स्वतःच गॅस बंद केला.

दुसरी विजेवरची होती. मुबश्शिरानं ती उचलली आणि विचारलं, "काका, नेकनूरला लाईट कशी असते?" "असती कवा?" गहिनीनाथ म्हणाले. तिनं शेगडी परत खोक्यात घातली.

तिसरी इन्फ्रारेडची. पाटी खाली, तिच्यावर जाळी. दोन-तीन मिनिटांत पाटी उगवत्या सूर्यासारखी लाल झाली. गहिनीनाथांनी वीतभर वर तळवा धरला. एक, दोन, तीन. हात मागं आला आणि चेहरा उजळला. "हाय! आग हाय ही!"

तंगडी जाळीवर ठेवली. चरबी लाल पाटीवर ठिबकली आणि पाटीतून हातभर जाळ उठला. मुबश्शिरानं चटकन गॅस बंद केला. "खरं सांगू काका? रोट्या-भाज्यांना ही चालेल. पण तुमच्या कोंबडीचं तेल या भोकांत जाणार, भोकं बुजणार आणि दर आठवड्याला तुम्ही माझ्याकडं येणार. माझा धंदा होईल, तुमचं जेवण मात्र राहील."

"मग आता?"

तिनं वरच्या फळीवरून एक जड पेटी उतरवली. समोरून उघडी, आत रुळांवर सरकणारी जाळी, तळाशी ट्रे. लाल होणारी पाटी मात्र छताला, तोंड खाली करून. "ही एका हॉटेलवाल्यानं मागवली आणि नेलीच नाही. यात धग वरून येते. तेल ट्रेमध्ये पडतं, आगीवर पडतच नाही."

गहिनीनाथ मोठ्यानं हसले. "आग डोक्यावर? बाई, आग खाली असती, रांधायचं वर असतंय. माझी उमर गेली आगीपाशी. उलट्या चुलीवर कुणी रांधतंय का?"

मुबश्शिरा चिडली नाही. हातातली तार खाली ठेवून तिनं विचारलं, "काका, मला तंदूरमधलं काही कळत नाही. तुम्ही सांगा. त्यात कोंबडी शिजते कशी?"

असा प्रश्न कुणी विचारला की गहिनीनाथांना वेळेचं भान राहत नसे. ते खुर्चीत पुढं सरकले. "आधी कोळसा पेटवायचा. जाळ असला तवर काही लावायचं न्हाई. नव्या माणसाची चूक तिथंच होती. जाळ मरू द्यायचा, निखाऱ्यावर राख चढू द्यायची. तवर भिंत तापती. माती लई गरम झाली, का मग सळई आत सोडायची. मग खरं काम भिंत करती. निखारा नुसता ऊब धरून असतोय. आजूबाजूनं, वरून, सगळीकडनं भिंतीची धग…"

ते मध्येच थांबले. पेटीच्या छताकडं बघितलं. मग मुबश्शिराकडं बघितलं.

"म्हंजे ही पाटी," ते हळूच म्हणाले, "माझी भिंतच हाय की."

"मी तेच म्हणत होते," मुबश्शिरा म्हणाली.

पेटी पेटवली. गहिनीनाथांनी या वेळी तळवा वर करून पाटीखाली धरला आणि मोजलं. तीनपर्यंतही टिकेना. जाळीवर दोन तंगड्या ठेवल्या. तेल टपटप ट्रेमध्ये पडू लागलं. अंगणात नुसता वास दरवळला. बायनाबाईंना रस्त्यावरून बोलावलं. त्या भीत भीत आल्या, पेटीपासून दोन हातांवर उभ्या राहिल्या, एक लांब श्वास घेतला, मग दुसरा.

"धूर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाईच!" गहिनीनाथ असे ओरडले की शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

तंगड्या बाहेर काढल्या. वरून काळपट-लाल, अगदी ढाब्यावरच्यासारख्या. बायनाबाईंनी एक उचलून तोंडाजवळ नेली तोच गहिनीनाथांनी ती हातातून काढून घेतली, मोडून बघितली आणि मान हलवली. हाडापाशी कच्ची होती. आग तंदूरपेक्षा तेज होती आणि त्यांनी जाळी फार वर लावली होती.

"थोडी खाऊ द्या की," बायनाबाई म्हणाल्या.

"न्हाई. तुझा पहिला घास असा कच्चा न्हाई होणार."

"आता बघा! इतकी वर्सं थांबले, आन घास तोंडापाशी आला तर माणूस हिसकून घेतंय!" बायनाबाईंनी मुबश्शिराकडं गाऱ्हाणं केलं आणि तिघंही हसू लागले.

पेटी त्याच दिवशी जीपमधून नेकनूरला आली. मुबश्शिरानं निघताना बजावून सांगितलं होतं: बंद खोलीत लावायची नाही, भिंतीपासून हातभर लांब ठेवायची, नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं आणि मगच पेटवायची. गहिनीनाथांनी मागच्या उघड्या पडवीत दगडी कट्टा रचला आणि पेटी त्यावर बसवली.

पुढचे चार दिवस त्यांनी बायकोला पडवीत येऊ दिलं नाही. आधी वांगी भाजली, मग मक्याची कणसं, मग कोंबडी. तिसऱ्या दिवशी त्यांना मेळ सापडला. आधी जाळी सगळ्यात खालच्या रुळावर ठेवायची, कोंबडी निवांत शिजू द्यायची आणि शेवटची दोनच मिनिटं वरच्या रुळावर न्यायची. या अवधीतली सगळी करपलेली वांगी त्यांनी स्वतः खाल्ली, कुणाला दाखवली नाहीत.

पाचव्या दिवशी सूर्य मावळायच्या आधी त्यांनी पडवीत पाट मांडला. "ये आता."

बायनाबाई हात धुऊन बसल्या. गहिनीनाथांनी तंगडी सरळ जाळीवरून ताटात ठेवली, वर लिंबू पिळलं आणि समोर उकिडवे बसले. ढाब्यावर एवढी माणसं जेवून गेली, पण कुणाच्या तोंडाकडं ते असं बघत बसले नव्हते. बायनाबाईंनी फुंकर मारली, लचका तोडला, सावकाश चावला. डोळे मिटले. गहिनीनाथांना वाटलं, खोकला येतोय की काय.

"बोल की!"

"मीठ जरा कमी हाय," बायनाबाई म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. हाड अगदी पांढरं होईपर्यंत त्यांनी खाल्लं आणि ताट पुढं केलं. "आणखी हाय का?"

गहिनीनाथ उठले ते जवळजवळ उडी मारूनच. त्या संध्याकाळी बायनाबाईंनी तीन तंगड्या खाल्ल्या. वैष्णवीला फोन लावून सांगितलं, "तुझा बाप लई भारी आचारी हाय गं. मला आज कळलं!" पलीकडून वैष्णवी हसत होती, इकडं गहिनीनाथ उगीचच ट्रे पुसत उभे होते.

आठवडाभरात शेगडीचा ताबा बायनाबाईंनी घेतला. ज्वारीची भाकरी तव्यावर एका बाजूनं शेकायची आणि दुसरी बाजू वर करून या पेटीत सरकवायची, हे त्यांनीच शोधून काढलं. भाकरी अशी टम्म फुगायची की गल्लीतल्या बाया बघायला येऊ लागल्या. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून केलेल्या ठेच्याला तर चुलीवरचाच वास होता आणि तो करताना त्यांना एकदाही ठसका लागला नाही. गहिनीनाथ मागून सूचना करायचे, "जाळी खाली घे, खाली घे." त्या वळूनही न बघता म्हणायच्या, "कळतंय मला."

महिन्यानं मुबश्शिरा नळी तपासायला म्हणून स्कूटीवर आली. मागं जलालुद्दीन बसले होते. "कोंबडी आम्ही आमच्याकडून आणतो काकू," तिनं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. बायनाबाईंनी मसाला वाटूनच ठेवला होता. नळीला साबण लावून झाला, बुडबुडा आला नाही आणि सगळे पडवीत गोल बसले.

जलालुद्दीन फारसे बोलणारे नव्हते. त्यांनी शांतपणे तंगडी संपवली, मग ठेच्याशी भाकरी सुरू केली. तीही संपली. ते लेकीकडं बघून म्हणाले, "एवढ्या शेगड्या विकल्या मी. पण त्यांच्यावर कुणी काय रांधलं, ते खायला आज पहिल्यांदा बसलोय."

"मग निवांत बसा," बायनाबाई म्हणाल्या आणि पुढची भाकरी थापायला पीठ ओढलं.