आंधळा डोळा

मुलगी परीक्षेसाठी डोळ्यांचे इंग्रजी वाक्प्रचार पाठ करत होती.

"बाबा, 'सी आय टू आय' म्हणजे?"

"एकमत होणं."

"आणि 'टर्न अ ब्लाइंड आय'?"

"दिसत असून कानाडोळा करणं."

"वाक्यात उपयोग सांगा ना."

उघड्या दारातून मला कमलमावशी दिसल्या. आमची धुणीभांडी आटोपून त्या निघाल्या होत्या आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर गुडघा दाबत बसल्या होत्या. खाली अजून चार मजले. शेजारी लिफ्ट, आणि लिफ्टवर चिकटवलेला कागद: 'घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा.' खाली सेक्रेटरी म्हणून सही माझी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत झालं होतं, माझंही. तेव्हापासून दोन वर्षं मी त्या पायरीकडे पाहायचं टाळत आलो. इंग्रजांनी आंधळ्या डोळ्याला उगाच बदनाम केलं. माझे दोन्ही डोळे धड आहेत. पाहायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

मी उठलो आणि तो कागद ओरबाडून काढला.

"अहो साहेब, लोक बोलतील," मावशी घाबरल्या.

"बोलू देत. चला, लिफ्टने जाऊ."

मावशी लिफ्टच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या. त्यांचं ते अंग चोरणं मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि नजर वळवली नाही. खाली दार उघडलं तर समोर आमचे चेअरमन.

"हे काय? नियमावर सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे," मी त्यांच्या डोळ्यांत पाहत म्हणालो, "म्हणूनच तो कागद मी काढला."